चेंडूचा ताबा आणि सामन्याचा ताबा



वसंतातल्या व्याख्यानांत इतिहासाचा विषय जाहीर झाला की राज्ये, लढाया, वेढे आणि तह यांची अपेक्षा धरून श्रोते येतात. आज आम्ही जो इतिहास सांगणार आहोत तोही डावपेचांचाच आहे. मात्र त्याची रणभूमी सुमारे शंभर मीटर लांबीची आहे, लढणारे बावीसच आहेत, आणि सारे भांडण एका चेंडूवरून आहे. फुटबॉलच्या खेळात चेंडू आपल्या पक्षाच्या पायांशी राखावयाचा, आखूड पास देत देत प्रतिपक्षाला फिरवावयाचे, थकवावयाचे आणि फट दिसताच आत शिरावयाचे, अशी एक पद्धती आहे. अलीकडच्या काळात स्पेनमध्ये तिला ‘टिकी-टाका’ हे नाव पडले. नाव नवे असले तरी वस्तू जुनी आहे. तिचे वय दीडशे वर्षांहून अधिक भरते. या पद्धतीचा उगम, तिचे बळ आणि तिचे वैगुण्य यांचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

हा विचार केवळ खेळाडूंच्या कामाचा आहे असे आम्हांस वाटत नाही. अंगाने दुबळा असलेला पक्ष बलवानाशी कसा झगडतो, त्यासाठी एखादी युक्ती कशी जन्मास येते, ती यशस्वी झाल्यावर तिचे शास्त्र कसे बनते आणि पुढे त्या शास्त्राचा कर्मकांडात कसा ऱ्हास होतो, हे सर्व या छोट्या इतिहासात लख्ख दिसते. खेळात निकाल दीड तासात लागतो, म्हणून ही उदाहरणे तपासावयास सोपी पडतात एवढेच.

प्रथम उगमाकडे वळू. लंडन येथे १८६३ साली फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि तिने खेळाचे नियम लिहून काढले. त्या पहिल्या नियमांप्रमाणे चेंडूच्या पुढे उभा असलेला स्वपक्षाचा खेळाडू खेळाबाहेर समजला जाई. म्हणजे चेंडू पुढे देण्यास वावच नव्हता. एकाने चेंडू पायाशी घेऊन प्रतिपक्षाच्या गर्दीत घुसावे, बाकीच्यांनी त्याच्या मागून धावावे आणि तो पडला की दुसऱ्याने चेंडू उचलून पुढे रेटावा, असा तो खेळ होता. त्यात छाती, मांडी आणि धडक यांचे राज्य असणे स्वाभाविक होते. १८६६ साली हा नियम सैल झाला. खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिपक्षाचे तीन इसम असले तर त्याला पुढे चेंडू देता येईल असे ठरले. कागदावरचा बदल ओळ-दोन ओळींचा असेल. पण पुढचे सारे शास्त्र त्या फटीतून उगवले.

या संधीचा उपयोग प्रथम कोणी केला याविषयी अभ्यासकांत वाद आहे. इंग्लंडमधील रॉयल इंजिनियर्स या लष्करी संघाकडे काहीजण बोट दाखवितात. परंतु तिला पद्धतीचे रूप आले ते स्कॉटलंडमध्ये, ग्लासगो शहरातील क्वीन्स पार्क या संघाच्या हातून, याविषयी फारसे दुमत नाही. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोजवळ पार्टिक येथील क्रिकेटच्या मैदानावर इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्कचे होते. इंग्लिश खेळाडू अंगाने बरेच भारी होते आणि एकेकट्याने चेंडू रेटण्यात तरबेज होते. स्कॉट मंडळी हलकी होती. धडकेला धडक देण्यात आपला निभाव लागणार नाही हे ओळखून त्यांनी चेंडू एकमेकांकडे देत राहण्याचा मार्ग धरला. सामना शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला, पण पुढील हिशेब बोलका आहे. १८७२ ते १८८७ या काळात या दोन देशांत १६ सामने झाले. त्यांपैकी इंग्लंडने अवघे २ जिंकले, ४ बरोबरीत गेले आणि १० स्कॉटलंडने जिंकले. १८७८ साली ७-२ आणि १८८१ साली ६-१ असे दणदणीत विजय त्यांत आहेत. लोकसंख्येने कितीतरी मोठ्या असलेल्या शेजाऱ्यावर ही मात होती. तेव्हा श्रोत्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की आखूड पासांचा खेळ हा नटवेपणातून निघालेला नाही. तो गरजेतून निघाला आहे. ज्याच्याजवळ वजन नाही त्याने वजनाची गाठच पडू द्यावयाची नाही, हे त्याचे मूळ सूत्र होय.

स्कॉट खेळाडू पोटापाण्यासाठी प्रथम इंग्लंडात आणि मग युरोपात गेले व ही विद्या त्यांच्याबरोबर पसरली. जॉन मॅडन हा ग्लासगोच्या सेल्टिक संघातील खेळाडू १९०५ साली प्रागच्या स्लाव्हिया संघाचा शिक्षक झाला. लँकेशायरमध्ये १८८२ साली जन्मलेला जिमी होगन हा स्वतः इंग्लिश. पण त्याने स्कॉट पद्धतीचाच प्रचार केला. त्याची कथा चमत्कारिक आहे. १९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा तो व्हिएन्नात होता. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला अटक झाली. पुढे त्याला बुडापेस्टला राहण्याची मुभा मिळाली आणि तेथे त्याने एम. टी. के. या संघाला शिकविण्यास आरंभ केला. युद्धकैदी म्हणून आलेल्या माणसाने शत्रूच्या राजधानीत असे बी पेरले की त्याचे पीक चाळीस वर्षांनी खुद्द त्याच्या मायदेशाच्या डोक्यावर येऊन आदळले.

दरम्यान ऑस्ट्रियात ह्यूगो माइझल या संघटकाने होगनच्याच साह्याने राष्ट्रीय संघ घडविला. १६ मे १९३१ रोजी व्हिएन्नात या संघाने स्कॉटलंडला ५-० असे हरविले. म्हणजे शिष्याने गुरूला चीत केले. त्या संघाचा सेंटर-फॉरवर्ड माथियास सिंडेलार अंगाने इतका बारीक होता की लोक त्याला ‘कागदी माणूस’ म्हणत. पण १९३४ सालच्या विश्वचषकात, ३ जून रोजी मिलान येथे, इटलीशी उपांत्य सामना पडला तेव्हा मैदानात चिखल झाला होता. चिखलात चेंडू घरंगळत नाही, तो रुततो. जेथे चेंडू रुतला तेथे आखूड पासही रुतला. ऑस्ट्रिया १-० असा हरला. या पद्धतीचे पहिले वैगुण्य येथे उघडे पडते: तिला चांगली जमीन लागते. वजनदार पक्षाला चिखल चालतो. हलक्या पक्षाला चालत नाही.

आता २५ नोव्हेंबर १९५३ या दिवसाकडे येऊ. लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर हंगेरीने इंग्लंडचा ६-३ असा पराभव केला. ब्रिटिश बेटांबाहेरच्या कोणत्याही संघाने इंग्लंडला त्याच्या घरी तोवर हरविले नव्हते. पहिला गोल पहिल्याच मिनिटात झाला. नान्दोर हिदेगकुती याने तीन, फेरेन्त्स पुश्काश याने दोन आणि योझेफ बोझिक याने एक गोल केला. येथे हिदेगकुतीचे स्थान समजून घेण्यासारखे आहे. त्याच्या पाठीवर सेंटर-फॉरवर्डचा क्रमांक होता, पण तो गोलाजवळ उभा न राहता मागे मधल्या फळीत येऊन राहिला. त्याच्यावर नेमलेल्या इंग्लिश बचावपटूपुढे पेच पडला. त्याच्या मागे जावे तर स्वतःच्या गोलासमोर मैदान मोकळे पडते, आणि न जावे तर हिदेगकुती मोकळा राहून हवा तसा चेंडू वाटतो. सहा महिन्यांनी, २३ मे १९५४ रोजी, बुडापेस्टमध्ये हंगेरीने ७-१ असा दुसरा धडा दिला. आपल्या खेळाचे श्रेय हंगेरियन मंडळींनी मोकळ्या मनाने होगनला दिले.

या उदाहरणावरून ताब्याच्या खेळाचे खरे बळ कशात आहे ते कळते. ते चेंडू किती वेळ पायाशी राहिला यात नाही. चेंडू इकडून तिकडे गेला की प्रतिपक्षाच्या प्रत्येक खेळाडूला आपली जागा बदलावी लागते. दहादा बदलली की एखाद वेळी कोणी तरी एक पाऊल उशिरा पोहोचतो आणि तेथे फट पडते. माणसापेक्षा चेंडू वेगाने धावतो आणि चेंडूला दम लागत नाही. म्हणून चेंडू फिरविणारा पक्ष कमी धावून दुसऱ्याला अधिक धाववितो. हंगेरियनांचा पास हा पासासाठी नव्हता. तो प्रतिपक्षाच्या माणसाला त्याच्या जागेवरून हलविण्यासाठी होता.

आणि तरीही ४ जुलै १९५४ रोजी बर्न येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हाच हंगेरीचा संघ पश्चिम जर्मनीकडून ३-२ असा हरला. चार वर्षे अजिंक्य असलेला आणि याच स्पर्धेत पंधरा दिवसांपूर्वी याच जर्मनांना ८-३ असे लोळविलेला संघ आठव्या मिनिटालाच २-० असा पुढे होता. पुश्काशचा घोटा दुखावलेला होता, पाऊस कोसळत होता, आणि हेल्मुट रान याने ८४व्या मिनिटाला विजयाचा गोल केला. या एका निकालावरून पद्धतीला दोषी ठरविणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. फुटबॉलमध्ये गोल थोडे होतात. जेथे गोल थोडे तेथे दैवाचा वाटा मोठा. पद्धतीची परीक्षा एका सामन्यावर घेऊ नये, अनेक सामन्यांवर घ्यावी.

अशी अनेक सामन्यांची परीक्षा घेण्याचा प्रयत्न एका इंग्लिश गृहस्थाने केलाही. चार्ल्स रीप हे विमानदलातील हिशेबनीस. १९५० पासून ते सामने पाहत बसत आणि प्रत्येक चढाईत किती पास झाले याची टिपणे ठेवीत. बर्नार्ड बेंजामिन यांच्यासह १९६८ साली त्यांनी आपले निष्कर्ष रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. शंभरांतील सुमारे ऐंशी गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चढाईतून होतात, असे त्यांना आढळले. मग चेंडू मागेपुढे फिरवीत बसण्यात अर्थ काय? लांब टोला मारून तो लवकरात लवकर गोलापाशी पोहोचवावा हे बरे, असा या आकड्यांवरून लोकांनी बोध घेतला आणि इंग्लंडमध्ये त्याचे पीठही निर्माण झाले.

आकडे खरे, पण बोध कच्चा. कारण त्याच टिपणांवरून असे दिसते की शंभर चढायांपैकी नव्वदांहून अधिक चढाया मुळात तीन पासांच्या पुढे जातच नाहीत. एखाद्या गावात शंभरांपैकी नव्वद मुले एका शाळेत जात असतील आणि पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्यांपैकी शेकडा ऐंशी त्या शाळेची असतील, तर ती शाळा श्रेष्ठ ठरत नाही. उलट उरलेल्या दहा मुलांतून शेकडा वीस यशस्वी निघाली, म्हणजे त्यांचीच सरशी म्हणावयाची. तोच न्याय येथे लागतो. चौथा पास गाठणाऱ्या चढाया थोड्या, पण त्या थोड्यांतून पिकणारे गोल त्यांच्या प्रमाणाहून अधिक. अर्थात एवढ्यावरून लांब पासाचा खेळ निष्फळ ठरतो असेही नाही. चांगला संघ अधिक पास देऊ शकतो आणि चांगला म्हणूनच अधिक गोलही करतो. तेव्हा कारण कोणते आणि कार्य कोणते याचा गुंता उरतोच.

पुढचा अध्याय हॉलंडचा. अ‍ॅमस्टरडॅमच्या आयाक्स संघाला रिनुस मिखेल्स याने १९६५ पासून नवी शिस्त लावली. चेंडू आपल्याकडे असताना मैदान जितके पसरवता येईल तितके पसरवावयाचे, आणि चेंडू गेला की सर्वांनी मिळून प्रतिपक्षाला जेथल्या तेथे कोंडावयाचे. या संघाने १९७१, १९७२ आणि १९७३ असे सलग तीनदा युरोपीय चषक जिंकले. योहान क्रायफ हा त्याचा मुकुटमणी. ७ जुलै १९७४ रोजी म्युनिक येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हॉलंडने चेंडू सुरू केला, डझनाहून अधिक पास दिले, क्रायफ आत घुसला, त्याला पाडण्यात आले आणि पेनल्टीवर गोल झाला. तोवर एकाही जर्मन खेळाडूचा पाय चेंडूला लागला नव्हता! ताब्याच्या खेळाचे याहून परिपूर्ण चित्र सापडणार नाही. पण सामना जिंकला जर्मनीने, २-१ असा. दुसरा गोल करण्याऐवजी आम्ही जर्मनांना खेळवीत, खिजवीत बसलो, असे त्या डच संघातील खेळाडूंनीच पुढे सांगितले. ताब्याबरोबर गर्व येतो, आणि गर्वाच्या भरात गोल कोठे आहे याचा विसर पडतो, हे या पद्धतीचे दुसरे वैगुण्य.

मिखेल्स १९७१ साली आणि क्रायफ १९७३ साली बार्सेलोनास गेले. क्रायफ १९८८ ते १९९६ या काळात तेथे शिक्षक होता. तेथील युवकांच्या ला मासिया या शाळेत मुले लहानपणापासून एक साधा खेळ खेळतात. चारपाच जण कडे करून उभे राहतात, मध्ये एकदोघे असतात, आणि कडेवाल्यांनी मधल्यांना चेंडू मिळू द्यावयाचा नाही. असे खेळ आपल्याही गल्लीबोळांत चालतात. पण रोज, वर्षानुवर्षे, एकाच स्पर्शात चेंडू देण्याची सक्ती ठेवून तो खेळविला की चेंडू येण्यापूर्वीच तो कोठे द्यावयाचा हे ठरविण्याची सवय मुलांना जडते. या मुशीतून शावी, इनिएस्ता आणि मेस्सी बाहेर पडले. तिघेही उंचीने बेताचे. ग्लासगोच्या हलक्या गड्यांचा वारसा असा सव्वाशे वर्षांनी येथे पोहोचला.

याच शाळेत वाढलेला पेप ग्वार्दिओला २००८ साली बार्सेलोनाचा शिक्षक झाला. चार वर्षांत त्याने १४ चषक मिळविले, त्यांत २००९ आणि २०११ सालचे युरोपीय विजेतेपद येते. स्पेनच्या राष्ट्रीय संघाने २००८ साली युरोपचा, २०१० साली जगाचा आणि २०१२ साली पुन्हा युरोपचा चषक जिंकला. यांपैकी २०१० चे आकडे पाहावेत. सात सामन्यांत स्पेनने गोल केले अवघे ८. विश्वविजेत्या संघाने इतके थोडे गोल त्यापूर्वी कधी केले नव्हते. मात्र त्याच्यावर झाले अवघे २, आणि बाद फेरीतील चारही सामने त्याने १-० असे जिंकले. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. लोक या पद्धतीला चढाईची पद्धती समजतात; वस्तुतः ती बचावाचीही पद्धती आहे. चेंडू एकच आहे. तो आमच्याकडे असेल तर तुम्ही गोल करणार कशाने? तटबंदी गोलापाशी न उभारता चेंडूभोवती उभारावयाची, असा हा बचाव आहे.

बळ पाहिले, आता त्यावर उतारा कसा निघाला ते पाहू. २८ एप्रिल २०१० रोजी बार्सेलोनात इंटर मिलान हा संघ उतरला तेव्हा पहिल्या सामन्यातील ३-१ ही आघाडी त्याच्या गाठीशी होती. अठ्ठाविसाव्या मिनिटाला त्याचा एक खेळाडू मैदानाबाहेर काढला गेला. उरलेल्या दहा जणांनी आपल्या गोलासमोर दोन फळ्या धरल्या. चारांतील तीन हिस्स्यांहून अधिक वेळ चेंडू बार्सेलोनाकडे होता. त्यांनी १-० असा सामना जिंकला, पण दोन सामन्यांच्या बेरजेत ३-२ असे ते बाहेर पडले. इंटरचा शिक्षक जोझे मोरिन्यो याने नंतर सांगितले की आम्हांला चेंडू नकोच होता. तो घेतला तर आमच्या जागा हलतात. ज्या पद्धतीचे सारे बळ प्रतिपक्षाला जागेवरून हलविण्यात आहे, तिला प्रतिपक्ष हलेनासाच झाला तर ती काय करणार?

येथे आमच्या श्रोत्यांना दख्खनचा इतिहास आठवल्यावाचून राहणार नाही. औरंगजेबाने १७०० साली सातारा घेतला. पुढे पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड आणि तोरणा असे गडामागून गड त्याने हस्तगत केले. गडांची यादी वाढत गेली, पण मुलूख हाती येईना. त्याची पाठ फिरताच मराठे ते गड परत घेत. वेढा घालणारा दिसावयास स्वामी दिसतो, पण त्याचा काळ, पैका आणि धीर खर्ची पडत असतो. शिवाय सारी फौज वेढ्यात गुंतली की पिछाडी मोकळी पडते आणि गनिमी काव्याने घाला घालण्यास वाव मिळतो. फुटबॉलमध्येही ताबा राखणारा संघ पुढे सरकतो, त्याचे बचावपटू मध्यरेषेपाशी येतात आणि त्यांच्या मागे अर्धे मैदान उघडे राहते. एक चुकलेला पास, एक लांब टोला, एक वेगवान गडी, एवढ्यावर दीड तासाची मेहनत वाहून जाते. १३ जून २०१४ रोजी ब्राझीलमध्ये विश्वविजेत्या स्पेनला हॉलंडने ५-१ असे हरविले ते बव्हंशी या मोकळ्या पिछाडीवर घाला घालूनच.

याहूनही खेदजनक प्रकार पुढे घडला. १ जुलै २०१८ रोजी मॉस्कोत रशियाविरुद्ध स्पेनने हजाराहून अधिक पास दिले. सामना १-१ असा राहिला आणि पेनल्टींवर स्पेन हरला. ६ डिसेंबर २०२२ रोजी कतारमध्ये मोरोक्कोविरुद्ध पुन्हा हजाराहून अधिक पास झाले. गोल शून्य, आणि पेनल्टींतही शून्य. त्याच स्पर्धेत जपानने शंभरांतील जेमतेम अठरा भाग वेळ चेंडू जवळ ठेवून स्पेनवर २-१ अशी मात केली होती. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, पुन्हा मागे, पुन्हा डावीकडे, असा चेंडू फिरत राहिला. मंत्र अचूक, उच्चार शुद्ध, पण देवता मात्र आसनावरून उठून गेलेली. ग्वार्दिओलाने स्वतः जर्मनीत शिकवीत असताना सांगून ठेवले आहे की पासासाठी पास देण्याचा आपणास तिटकारा आहे. पंथाच्या आचार्याने सांगितलेले हे मर्म अनुयायांच्या कानी पडले नाही.

मग पद्धती टाकून द्यावी काय? दोन उदाहरणे याचे उत्तर देतात. २०२३ सालच्या महिलांच्या विश्वचषकात स्पेनच्या मुलींना गटातील सामन्यात जपानने ४-० असे हरविले. चेंडू जपानकडे पावभागही वेळ नव्हता. त्याच मुलींनी त्याच स्पर्धेत २० ऑगस्ट रोजी सिडनी येथे इंग्लंडला १-० असे हरवून विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यातील तो गोल ओल्गा कार्मोना हिने केला. ही बचावाच्या फळीतील खेळाडू संधी दिसताच वेगाने पुढे आली होती. पुरुषांचा स्पेन १४ जुलै २०२४ रोजी बर्लिनमध्ये इंग्लंडला २-१ असे हरवून युरोपविजेता झाला. त्या स्पर्धेतील पहिल्याच सामन्यात क्रोएशियाला त्याने ३-० असे हरविले, आणि त्या सामन्यात चेंडू अधिक वेळ क्रोएशियाकडे होता! दोन्ही कडांना लामिने यामाल आणि निको विल्यम्स हे चपळ तरुण ठेवून, चेंडू राखावा तेव्हा राखून आणि सोडावा तेव्हा सोडून, हा स्पेन खेळला. त्याने पद्धती टाकली नाही. तिची पूजा तेवढी टाकली.

आमच्या देशाचा या इतिहासाशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो अभिमानाचा आहे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरविले. आमचे बहुतेक गडी अनवाणी होते. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर, आणि भारतीय संघाचे शिक्षक. त्यांनी शिकविलेल्या हैदराबाद पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला होता. अंगाने युरोपियनांची बरोबरी होणार नाही हे जाणून आखूड पासांवर आणि दोन्ही पाय सारखे चालविण्यावर त्यांनी भर दिला. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले. त्यांतले तीन गोल मुंबईच्या मैदानांवर खेळलेल्या नेव्हिल डिसूझाचे. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया भेटला आणि ४-१ असा जिंकला, तरी चार वर्षांतले अंतर कोणालाही मोजता येण्यासारखे आहे. भारत चौथा आला.

परंतु रहीमसाहेब पद्धतीचे दास नव्हते. १९६२ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत जर्नैलसिंग या धिप्पाड बचावपटूच्या डोक्याला इजा होऊन टाके पडले, तेव्हा त्यांनी त्याला मागून काढून आघाडीला उभे केले. ४ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरविले. एक गोल पी. के. बॅनर्जी यांचा आणि दुसरा या जर्नैलसिंगचा. वर्ष पुरे होण्यापूर्वीच, जून १९६३ मध्ये, रहीम कर्करोगाने निवर्तले. त्यांची आखूड पासांची शिकवण आणि प्रसंगी तीच बाजूला सारण्याची त्यांची बुद्धी, या दोन्ही मिळून ते सुवर्णपदक झाले आहे.

श्रोतेहो, या दीडशे वर्षांच्या हिशेबाची बेरीज आम्ही अशी करतो. चेंडू राखण्याची पद्धती ही दुबळ्याला समर्थ करणारी विद्या आहे. ती माणसाला डोके वापरावयास लावते, सहकाऱ्यावर विसंबावयास शिकविते, आणि बचाव व चढाई या दोन्ही गोष्टी एकाच कृतीत साधते. तिला दीर्घ शिक्षण, चांगली जमीन आणि कुशल पाय लागतात. तिची पिछाडी उघडी राहते. आणि जो हलत नाही अशा प्रतिपक्षापुढे ती गोल गोल फिरू लागते. यांपैकी पहिल्या उणिवा कष्टाने व सावधगिरीने भरून काढता येतात. शेवटची उणीव मात्र पायांची नसून मनाची आहे. चेंडू आपल्याकडे आहे म्हणजे सामना आपल्याकडे आहे, हा तो भ्रम. ग्लासगोच्या त्या अकरा जणांनी चेंडू राखला तो गोलापर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग त्यांना उरला नव्हता म्हणून. राखणे हे साधन होते. ज्या ज्या पिढीने हे ओळखले ती जिंकली किंवा मानाने हरली, आणि जी विसरली तिचे हजार पास एका गोलालाही महाग झाले. आमच्या गावच्या मैदानावर जी मुले उद्या चेंडू घेऊन उतरतील, त्यांना आखूड पास अवश्य शिकवावा. आणि त्याबरोबर प्रत्येक पासाच्या वेळी मान वर करून गोल कोठे आहे हे पाहण्याची सवयही लावावी, एवढीच आमची विनंती आहे.